मेसाकेचा नक्की कुठला गुडघा?

आधीच सांगून ठेवतो, मेसाकेचा कुठला गुडघा बिघडला होता हे मला विचारू नका. डावा म्हणाल तर डावा, उजवा म्हणाल तर उजवा. बेटावरच्या आमच्या कोरोवातूच्या फुटबॉल संघाचा मॅनेजर म्हणून मी जन्मभर संत्री कापली, बर्फ फोडला, पोरांचे घामट मोजे गोळा केले. त्यातली निम्मी वर्षं ह्या एका माणसाच्या गुडघ्यांमागे गेली. तरी देवाशपथ सांगता येत नाही. बाजारात जाऊन विचारा. वांगी विकणारी म्हणेल डावा, आणि शेजारी मासे विकणारी म्हणेल, तुझं डोकं फिरलंय का गं, उजवा! एकदा साखर कारखान्यासमोर उसाच्या ट्रकांच्या रांगेत ह्यावरून दोघांची हाणामारी झाली. त्यातला एक मी होतो. मी डाव्याच्या बाजूनं भांडलो. आता तेही पटत नाही.

मेसाके स्ट्रायकर. गोल मारणं एवढंच त्याला येत होतं. बचावाला मागं ये म्हटलं की लग्नात चुकून शिरलेल्या पाहुण्यासारखा उभा राहायचा. पण गोलच्या समोर बॉल आला, की हा माणूसच बदलायचा. चार जण अंगावर येत असले तरी ह्याला घाई नाही. दार उघडून घरात शिरावं तसा आत जायचा.

पोरं निवडायची होती त्या दिवशी मी त्याला पहिल्यांदा पाहिलं. नदीच्या वरच्या अंगाला त्याचं गाव. आईबाप लहानपणीच गेलेले, सलोते आत्यानं वाढवलेला. सतरा वर्षांचा बांबू नुसता. पळताना काहीतरी विचित्र दिसत होतं, म्हणून मी जवळ बोलावून पाय बघितले.

"अरे गाढवा, हे दोन्ही डावे बूट आहेत!"

"हो काका."

"मग उजवे कुठं गेले?"

"चुलतभावाच्या पायात. नदी ओलांडताना दोघांनी बूट गळ्यात अडकवले होते, अदलाबदल झाली."

"मग जा की, बदलून घे."

"तो पलीकडच्या गावात खेळायला गेलाय काका. दोन्ही उजवे घालून."

म्हटलं, खेळ बाबा. त्यानं दोन डाव्या बुटांत तीन गोल मारले. आमचे रहमत मास्तर, संघाचे कोच, शाळेत गणित शिकवायचे. ते मला म्हणाले, "मुनसामी, ह्याला उजवा बूट मिळाला तर काय होईल रे?" सलोते आत्या मात्र आजही म्हणते की सगळं वाटोळं त्याच दिवशी झालं. डाव्या बुटात उजवा पाय दीड तास कोंबला, तो गुडघा कायमचा रुसला. आत्याचं म्हणणं उडवून लावायची माझी हिंमत नाही. हाडं चोळण्यात तिचा हात धरणारं कुणी नाही. पार लौतोका शहरापासून माणसं बस बदलून तिच्याकडं येतात, आणि ती खोबरेल तेलाची बाटली घेऊन दारात बसलेली असते. पण त्या दिवशी मेसाकेला काही दुखत नव्हतं, हेही खरं.

दुखलं ते दोन वर्षांनी, आणि ते डाव्याला. शाळेच्या मैदानात एक खड्डा आहे. सगळ्या गावाला माहीत आहे. मेसाकेलाही माहीत होता. तरी बॉलच्या मागं पळताना पाय गेला. गुडघा नारळाएवढा सुजला. आणि हे कधी? तर ऑस्ट्रेलियातल्या एका क्लबनं त्याला बोलावल्यावर, विमानात बसायच्या तोंडावर. क्लबवाल्यांनी त्याचा खेळ स्पर्धेत पाहिला होता. त्यांची एकच अट होती, आमचा डॉक्टर तपासणार, तो हो म्हणाला की करार.

आत्यानं चार दिवस पाय चोळला, पाणी लागू दिलं नाही. सूज उतरली, दुखणं उतरलं नाही. जाताना विमानतळावर मी त्याला बाजूला घेतलं. "हे बघ, डॉक्टरनं डावा गुडघा दाबला की मेलास तरी नाही म्हणायचं. दुखतंय का? नाही. कळलं?"

"कळलं काका."

आणि पोरगं शब्दाला जागलं हो! पुढं काय झालं ते मला त्यानंच फोनवर सांगितलं. डॉक्टरनं डावा गुडघा दाबला, वाकवला, पिळला. "दुखतंय?" मेसाके म्हणाला, "नाही." डोळ्यांत पाणी आलं ते म्हणे त्यानं शिंकून लपवलं. मग डॉक्टर उजव्याकडं वळला. उजवा ठणठणीत. पण ह्या वेळी त्या बाबानं प्रश्न फिरवला. "इथं दुखत नाही ना?"

मेसाके म्हणाला, "हो."

आता जगातला कुठलाही शहाणा माणूस ह्याचा अर्थ काय घेईल? हो, बरोबर बोललात, नाही दुखत. आम्ही बेटाची मूळची काईवीती बोलत असू नाहीतर हिंदी, आमच्याकडं आईच्या पोटातून सगळे असंच बोलत आलेत. पण गोऱ्यांच्या इंग्रजीत त्या 'हो'चा अर्थ होतो, हो, दुखतंय! डॉक्टर चमकला. जरा खाली दाबलं. "इथं तरी नाही ना?" "हो." बाजूला दाबलं. "इथं?" "हो, हो!" मेसाकेला वाटलं आपण एकाहून एक चांगली बातमी देतोय, आणि हा माणूस तोंड पाडून का बसलाय? शेवटी त्याला एका यंत्रात घातलं. फोटो काढले. दुखरा डावा राहिला बाजूला, चांगल्या उजव्याचे!

आणि इथं माझी मती गुंग होते. त्या चांगल्या गुडघ्यात आतली गादी खरोखर फाटलेली निघाली.

म्हणजे आता काय म्हणायचं? दुखत नव्हतं, पण बिघडलेलं होतं. सांगितलं चुकीचं, निघालं खरं. क्लबवाले भले, म्हणाले पोरगं आम्हाला हवंय, आधी दुरुस्त करू. उजवा कापला. मेसाके महिनोन्‌महिने पडून राहिला, तेवढ्या विश्रांतीत डावा फुकटात बरा झाला. आणि कापल्यापासून उजवा दुखायला लागला, जो आधी दुखत नव्हता. रहमत मास्तर म्हणाले, आत्ता सापडलं म्हणून वाचला. आत्या म्हणाली, चांगल्या हाडाला सुरी लावली, आता ते हाड कधी माफ करायचं नाही. मी कधी ह्याच्या बाजूनं, कधी तिच्या.

दवाखान्यात टोंगा बेटांवरची एक नर्स होती, तिकडंही हो-नाही आमच्यासारखंच. ध चा मा कुठं झाला ते तिनं ओळखलं, आणि पोट धरून हसली म्हणे. तिनंच त्याला शिकवलं. मग मेसाकेनं ते इतकं मनावर घेतलं, की आरशासमोर उभा राहून स्वतःलाच इंग्रजीत विचारायचा आणि स्वतःच उत्तर द्यायचा. मला फोन करून शिकवायला लागला.

"काका, इंग्रजीत उलटं असतं. दुखत नाही ना, असं विचारलं आणि दुखत नसेल, तर नाही म्हणायचं."

"नाही म्हटलं तर दुखतंय असं होईल की रे!"

"नाही."

"नाही म्हणजे हो ना?"

"नाही काका, नाही म्हणजे नाहीच."

"अरे मग हो कधी म्हणायचं?"

"दुखत असेल तेव्हा."

माझं डोकं भणभणलं. मी म्हटलं जेवलास का? तो हो म्हणाला. तेवढं मला कळलं.

तिथं तो खेळला, नाही असं नाही. बरा असला की गोलांचा पाऊस. आमच्याकडं रविवारी सगळे रेडिओला चिकटून, आणि मेसाकेचं नाव आलं की पत्र्यांवर काठ्या वाजायच्या. पण एक सांधा बरा झाला की दुसरा रुसायचा. उजवा गुडघा, मग मांडीची शीर, मग घोटा, मग उजव्याला जपता जपता डावा. तो क्लब सुटला, न्यूझीलंडचा मिळाला. तिथंही तेच. आणि सगळ्यात वाईट काय, तर फायनल. संघ फायनलला पोचायचा ह्याच्या गोलांवर, आणि फायनलच्या दिवशी हा प्लास्टरमध्ये. एकदा नाही, दरवेळी. फोटोत बघा, कप उचललेल्या पोरांच्या शेवटी कुबड्या घेतलेला एक लांब माणूस, तो आमचा. त्याचं लग्न व्हायचं राहिलं, घर बांधायचं राहिलं, त्याचं त्याला काही नाही. मला एकच म्हणायचा, "एक फायनल काका. एक अख्खी फायनल खेळायचीय. मग गुडघे देवाला देऊन टाकतो."

देवालाही असलं काही बोलू नये.

तिशीला आला तसा न्यूझीलंडच्या डॉक्टरनं स्पष्ट सांगितलं. घरी जा. हलकंफुलकं खेळ. दुखायला लागलं की त्या क्षणी बाहेर बस. नाहीतर पुढच्या वेळी खेळणं दूरच, चालायलाही काठी लागेल. मेसाके घरी आला. डॉक्टरचं बोलणं त्यानं विमानतळावरच मला आणि मास्तरांना सांगितलं, लपवलं नाही. मास्तर म्हणाले, "बेटा, दुखलं की नुसतं सांग. मी काढून बसवीन. खुदाकसम."

आत्यानं वेगळंच निदान केलं. पोरगं परदेशी गेलं तेव्हा आईच्या माहेरच्या गावाचा निरोप घेतला नव्हता, तिथल्या माणसांचा मान राहिला, म्हणून हाडं धरत नाहीत. झालं! आम्ही सगळे माझ्या ट्रकमध्ये बसून त्या गावी गेलो. इथल्या रीतीप्रमाणं देवमाशाचा दात पुढं ठेवून माफी मागितली. म्हाताऱ्यांनी दात घेतला, टाळ्या वाजवल्या, झालं गेलं विसरलो म्हणाले. आणि खरं सांगतो, त्या दिवसापासून मेसाके पळायला लागला. तपासणीला गेला तर डॉक्टर म्हणाला, आराम मिळाला म्हणून. आत्या हसली. आता ह्यात कोण खरं? मी दोघांपुढंही मान डोलावली.

जिल्ह्यांची स्पर्धा आली. आमचा संघ म्हणजे आधीच उजेड. कोरोवातूनं कप बघितला त्याला इतकी वर्षं झाली होती, की बघितलेली माणसं मोजकीच जिवंत होती. पण मेसाके प्रत्येक मॅचमध्ये गोल मारत गेला आणि आम्ही गेलो फायनलला. समोर राजधानीवाले. अख्खं गाव लौतोकाला लोटलं. ऊस उभाच, कारखान्याची शिट्टी ऐकायला माणूस नाही.

फायनलच्या सकाळी आमचा मुक्काम एका शाळेत होता. वर्गात चटया टाकलेल्या. आत्या येऊन मेसाकेचे पाय चोळत होती. मी विचारलं, "कसं आहे?"

"हाड आज बोलत नाही."

"म्हणजे बरं आहे?"

तिनं भुवया उडवल्या. आमच्याकडं भुवया उडवल्या म्हणजे हो. पण तिच्या डोळ्यांत घाम उतरत होता, त्यानंही उडवल्या असतील. मी पुन्हा विचारलं नाही. आत्याला दोनदा विचारलेलं खपत नाही.

मग रहमत मास्तर आले. हा माणूस एरवी माझ्याशी हिंदी बोलतो, पोरांशी काईवीती, आणि दोन्ही भाषांत आम्हाला सारख्याच शिव्या देतो. पण फायनल म्हटल्यावर नवा कोट आणि इंग्रजी! सकाळपासून इंग्रजी. चहा मागितला तोही इंग्रजीत. मी म्हटलं, "मास्तर, आपलीच पोरं आहेत." तर माझ्याकडं असं बघितलं, की मी संत्री कापायला लागलो.

सगळी पोरं उभी राहिली. मास्तर मेसाकेसमोर थांबले, गुडघ्यांकडं बोट केलं आणि इंग्रजीत विचारलं, "दुखत नाही ना?"

मेसाके जरा वेळ त्यांच्याकडं बघत राहिला. मग म्हणाला, "हो, सर." इंग्रजीतच.

मास्तरांनी त्याची पाठ थोपटली. पोरांनी आरोळी ठोकली. मी नऊ नंबरचा शर्ट त्याच्या अंगावर फेकला आणि म्हटलं, "घे राजा, तुझी फायनल!" त्यानं शर्ट हातात धरला. घालायला वेळ लावला. मला वाटलं, इतक्या वर्षांनी भाग्य उजाडलं, भरून आलं असेल. मलाही आलं होतं.

मॅच काय सांगू? मैदान गच्च, बाहेरच्या आंब्यांवर माणसं, ट्रकांच्या टपांवर माणसं. पहिला अर्धा वेळ आमचा जीव टांगणीला. मेसाके पळत होता पण नेहमीसारखा नाही. बॉल दुसरीकडं गेला की सारखा आमच्या बाकाकडं बघायचा. मास्तर म्हणाले, "मुनसामी, पोरगं घाबरलंय, हिंमत दे." मग मी उभा राहून दोन्ही हात हलवायचो, पुढं जा, पुढं जा! त्यानं बघितलं की हलवायचो. बाकावर आमचा बदली स्ट्रायकर होता, गुणी मुलगा, पण गोल सोडून बाकी सगळं त्याच्या पायाला दिसायचं.

शिट्टी व्हायला थोडाच वेळ राहिला होता. बरोबरी. कोपऱ्यातून उंच बॉल आला, कुणाच्या तरी डोक्याला लागून मेसाकेच्या पुढं पडला. त्यानं अंग वळवलं आणि मारला. डाव्या पायानं की उजव्या, देव जाणे. मी बघत होतो, रेडिओवाला बघत होता, दहा हजार माणसं बघत होती, आणि दहा हजारांत दोघांचं एकमत नाही. जाळं हललं तेवढं सगळ्यांनी पाहिलं. मेसाके खाली पडला, त्याच्यावर अख्खा संघ पडला, संघावर आमचे अर्धे पाठीराखे पडले. ढीग बाजूला झाला तेव्हा तो उठला नाही. मारतानाच गुडघा गेला, का ढिगाखाली गेला? तेही कुणाला माहीत नाही. स्ट्रेचरवरून नेताना मी त्याच्या कानाशी ओरडलो, "जिंकलो रे! तुझ्यामुळं जिंकलो!" त्यानं तोंड पलीकडं फिरवलं. वेदनेनं, मला वाटलं.

कप माझ्या ट्रकवर ठेवून आम्ही गावभर मिरवला. मेसाके दवाखान्यात. डॉक्टरांनी सांगितलं, खेळणं संपलं, काठीनं चालेल. आम्ही रडलो, आणि मग कपाकडं बघून पुन्हा नाचलो. आमचं हे असं.

दवाखान्यातून तो सरळ नदीवरच्या गावी गेला. सत्काराला बोलावलं, आला नाही. देवळात आणि चर्चमध्ये दोन्हीकडं त्याच्या नावानं जेवणं झाली, आला नाही. निरोप पाठवला तर उत्तर नाही. माणसं बोलायला लागली. डोक्यात हवा गेली. परदेशी राहिला ना, आता आपण कोण! मास्तरांचं मात्र जेवण कमी झालं. शेवटी माझा पारा चढला. म्हटलं जातो आणि झाडतोच ह्याला. कुटून प्यायच्या यांगोनाच्या मुळ्यांची जुडी घेतली, कारण रिकाम्या हातानं भांडायलाही जाता येत नाही, आणि दुपारी ट्रक काढला.

मेसाके चटईवर भिंतीला टेकून बसला होता. पट्टी दोन्ही गुडघ्यांना. आत्यानं मुळ्या घेतल्या, कुटल्या, लाकडी परातीत कालवल्या. मी पहिली करवंटी प्यालो, रीतीप्रमाणं टाळी वाजवली, आणि सुरू झालो.

"काय रे, राजेसाहेब? बोलावलं तर यायचं नाही, निरोपाला उत्तर नाही. आम्ही काय घोडं मारलंय तुझं?"

तो गुडघ्याची पट्टी सारखी करत बसला.

"रहमत मास्तर झुरतोय तिकडं. तोंड तरी दाखव."

"खूश आहात ना सगळे?" त्यानं विचारलं.

"खूश म्हणजे काय! अरे म्हातारी माणसं कपाला हात लावून रडली."

"मग झालं तर. त्यासाठीच पाठवलंत ना मला."

मला त्याचा सूर कळेना. "त्यासाठी म्हणजे?"

"मी दुखतंय म्हणून सांगितलं होतं काका. तरी तुम्ही शर्ट दिलात."

"कधी? कधी सांगितलंस तू?"

"शाळेत. मास्तरांनी विचारलं, दुखत नाही ना? मी हो म्हटलं. तुम्ही शेजारीच उभे होतात."

परातीतला आत्याचा हात थांबला. "अरे, हो म्हणजे... हो म्हणजे तू..."

"इंग्रजीत विचारलं होतं काका. एकदा चुकलो तेव्हा कापून घेतलं. आता चुकत नाही मी."

मी आत्याकडं बघितलं, तिनं नजर खाली घातली. बाहेर कोणी तरी लाकडं फोडत होतं, त्याचा आवाज येत राहिला. इतका साधा शब्द. आणि त्यानं तो अगदी शिकवल्याप्रमाणं बरोबर म्हटला होता, आणि आम्ही तो आईनं शिकवल्याप्रमाणं बरोबर ऐकला होता. मग चूक केली कुणी?

"पोरा," मी म्हटलं, "आम्हाला वाटलं दुखत नाही. मला, मास्तरांना. त्यांचं इंग्रजी म्हणजे नुसता कोट रे! आत आपलीच भाषा. तू हो म्हणालास, आम्ही म्हटलं, हो, नाही दुखत. माझ्या लेकरांची शपथ."

तो आधी हसला. खरंच हसला, दात दिसले. मग लुंगीचं टोक तोंडाला लावून रडायला लागला. एवढा दांडगा माणूस, लहान पोरासारखा हुंदके देत.

"मला वाटलं तुम्हाला माहीत आहे," तो म्हणाला. "म्हटलं, विचारलं, मी सांगितलं, तरी पाठवतायत. म्हणजे माझ्या पायापेक्षा ह्यांना कप मोठा. ठीक आहे, माझीच माणसं आहेत, घ्या. पण बाकाकडं बघत होतो मी काका. सारखा बघत होतो. म्हटलं आता तरी आत बोलावतील. आणि तुम्ही पुढं जा, पुढं जा करत होतात."

मला माझे हात कुठं ठेवावेत ते कळेना. आम्ही त्याचे वैरी आहोत असं समजून तो पळाला. तसं समजून गोल मारला. तसं समजून इतके दिवस ह्या भिंतीला टेकून बसला, आणि आम्ही तिकडं म्हणत होतो, डोक्यात हवा गेली! माझ्याही डोळ्यांना धार लागली. आत्यानं दोघांना एकेक करवंटी दिली. प्यालो.

जरा शांत झाल्यावर त्यानं डोळे पुसले आणि विचारलं. भाषा काईवीती, प्रश्न सरळ, उलटा करायला काही जागा नाही. "काका, दुखतंय हे कळलं असतं, तर बसवलं असतं मला?"

"म्हणजे काय! बसवलं असतं. आईशपथ बसवलं असतं."

पण हे बोलायच्या आधी माझ्या डोळ्यांसमोरून तो बाकावरचा बदली मुलगा गेला, आंब्यांवरची माणसं गेली, आणि घोट गिळायला लागतो तेवढा वेळ गेला. जास्त नाही. मास्तरांनी खुदाची शपथ घेतली होती, त्यांनी बसवलंच असतं असं मला वाटतं. माझं मला सांगता येत नाही. परत येताना ट्रकमध्ये मी स्वतःला पुन्हा पुन्हा विचारलं, अजूनही विचारतो. कधी हो येतं, कधी नाही.

तेवढा उशीर त्याला ऐकू आला. आत्यालाही आला. जन्मभर डॉक्टरांच्या तोंडाकडं बघत बसलेला माणूस तो, उत्तर यायच्या आधीची गप्प वेळ त्याला आमच्यापेक्षा जास्त कळते.

"बरं काका," मेसाके म्हणाला. दोन्ही हातांनी स्वतःचे पाय उचलून त्यानं पलीकडं ठेवले, आणि चटईवर माझ्यासाठी जागा केली.